उत्तर न देणारी दाई

आमच्या ठाणें, कल्याण, डोंबिवलीच्या बाजूस कोणत्याही सुशिक्षित घरीं पाहुणा म्हणून गेलें असतां, चहाचा पेला हातीं येण्यापूर्वींच यजमानांच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकावयास मिळतें. "आमचा बाळ अजून दोन वर्षांचा झाला नाहीं, पण मोबाईल असा चालवितो कीं आम्हांलाही तसा येत नाहीं!" हें सांगतांना बापाच्या मुद्रेवर जें समाधान झळकतें, तें पूर्वीं मुलगा मॅट्रिकच्या परीक्षेंत वर आला म्हणजे झळकत असे. पाहुणाही शिष्टाचारास अनुसरून "हल्लींचीं मुलें फार हुशार" असें म्हणतो, आणि कोपऱ्यांत बसलेला बाळ त्या चकचकीत कांचेवर बोट फिरवीत राहतो. आपल्याच स्तुतीचे शब्द त्याच्या कानांत शिरत नाहींत. आम्हीं हें वाक्य इतक्या वेळां ऐकलें आहे, आणि इतक्या वेळां त्यास मान डोलविली आहे, कीं प्रायश्चित्त म्हणून तरी आज त्याचा समाचार घेणें आम्हांस प्राप्त आहे.

प्रथम त्या हुशारीचाच विचार करूं. बोट सरकविलें कीं चित्र बदलतें, एवढें कळण्यास दीड वर्षाच्या मुलास फारसे श्रम पडत नाहींत. कारण ज्यांनीं तें यंत्र घडविलें त्यांनीं तें कोणासही न शिकतां चालवितां यावें अशाच बेतानें घडविलें आहे. येथें हुशारी आहे ती कारागिराची, बाळाची नव्हे. दार ढकललें कीं उघडतें हें घरच्या मांजरासही ठाऊक असतें. पण त्यावरून मांजरास सुतारकाम येतें असें कोणी म्हणत नाहीं. बाळाच्या बुद्धीची परीक्षाच घ्यावयाची असेल तर ती निराळ्या प्रश्नांनीं घेतली पाहिजे. हांक मारली असतां तो वळून पाहतो काय? खिडकींत कावळा बसला तर त्याकडे बोट दाखवून, आपणही पाहिला कीं नाहीं हें ताडण्यासाठीं आपल्या तोंडाकडे पाहतो काय? दोन वर्षांचा होतां होतां "आई ये", "पाणी दे" असे दोन शब्द जोडूं लागला आहे काय? रिकाम्या वाटींतून बाहुलीला खोटा खोटा भात भरवितो काय? मुलाची वाढ पाहणारे डॉक्टर हेंच विचारतात. तो मोबाईल किती सफाईनें चालवितो, हें त्यांच्यापैकीं कोणी विचारीत नाहीं.

हे प्रश्न महत्त्वाचे कां, हें समजून घेतल्यावांचून पुढचें बोलणें फोल आहे. मूल जन्मतें तेव्हां त्याच्या मेंदूंतील बहुतेक पेशी जागेवर असतात. परंतु त्यांना एकमेकींशीं जोडणारे धागे पहिल्या कांहीं वर्षांत विणले जातात, आणि तेही अशा वेगानें कीं तो वेग पुढें आयुष्यांत पुन्हां येत नाहीं. जे धागे वारंवार वापरांत येतात ते बळकट होतात. जे पडून राहतात ते गळून जातात. आतां ते वापरांत येतात कसे? मूल "बा" म्हणतें, आई "बाबा ना? बाबा येतील हं" असें म्हणते, मूल बोट दाखवितें, बाप त्या वस्तूचें नांव सांगतो, मूल हंसतें, आजोबा हंसतात. मुलानें चेंडू टाकावा आणि मोठ्या माणसानें तो परत टाकावा, तशी ही देवघेव आहे. दिवसांतून शेंकडों वेळां ती चालते. आणि भाषा, अवधान, स्मरण, दुसऱ्याचें मन ओळखण्याची शक्ति, किंबहुना धीर धरण्याची संवयसुद्धां, हीं सर्व तिच्यांतूनच उभीं राहतात. आमच्या आज्यांस मेंदूचें शास्त्र ठाऊक नव्हतें; परंतु सज्जांत उभी राहून चिऊचा घास आणि काऊचा घास करीत जी आजी नातवाला भरवीत असे, ती त्या शास्त्राचा धडाच गिरवीत होती.

येथें कोणी म्हणेल कीं, बोलणें तर मोबाईलही करतो. गाणीं म्हणतो, रंगांचीं नांवें सांगतो. मग मुलानें तेथूनच भाषा कां शिकूं नये? या प्रश्नाचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्याचें कारण नाहीं. तें प्रयोगानें मिळालेलें आहे. अमेरिकेंतील सिएटल येथील पॅट्रिशिया कूल या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं २००३ सालीं प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील नऊ महिन्यांच्या कांहीं मुलांपुढें चिनी बोलणारें माणूस प्रत्यक्ष बसविलें. तें त्यांना पुस्तक वाचून दाखवी, खेळणीं दाखवी, त्यांच्याशीं बोले. सुमारें पंचवीस पंचवीस मिनिटांच्या अशा बारा बैठकी झाल्या. पुढें परीक्षा घेतां, या मुलांस त्या परक्या भाषेंतील सूक्ष्म ध्वनिभेद ओळखतां येऊं लागल्याचें दिसलें. दुसऱ्या कांहीं मुलांस तसेंच चिनी बोलणें, तितकाच वेळ, पडद्यावर दाखविलें. ज्या मुलांच्या कानीं चिनी कधीं पडलीच नव्हती त्यांच्याहून या पडद्यावरच्या शिष्यांस कांहींही अधिक येईना!

याच्याही पुढची गोष्ट २०१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगानें दाखविली. दोन-अडीच वर्षांच्या मुलांस कांहीं नवे शब्द तीन प्रकारें शिकविले: समोर बसून, मोबाईलवर आपण आजीशीं समोरासमोर बोलतों त्या धर्तीच्या दृश्य संभाषणानें, आणि तसल्याच संभाषणाचें, परंतु दुसऱ्या मुलाशीं झालेल्या, मुद्रण दाखवून. पहिल्या दोन्ही प्रकारांनीं मुलें शब्द शिकलीं. तिसऱ्यानें शिकलीं नाहींत. म्हणजे दोष कांचेंत नाहीं. पुण्याची आजी कांचेंतून बोलली तरी नातवाच्या "आजी"ला ती उत्तर देते, म्हणून ती शिकवूं शकते. मनाची घडण करतें तें चित्र नव्हे, नुसता शब्दही नव्हे. तें प्रत्युत्तर होय. आणि नेमकें तेवढेंच मोबाईलवर गाणें म्हणणाऱ्या त्या रंगीबेरंगी बाईपाशीं नसतें. ती दिवसभर गाईल, नाचेल, टाळ्या वाजवील. पण मुलानें कांहीं म्हटलें असतां तिच्या मुद्रेंत तिळमात्र फरक पडणार नाहीं. ही उत्तर न देणारी दाई आहे. अशी दाई हाडामांसाची असती तर आपण तिला दुसऱ्याच दिवशीं निरोप दिला असता.

येथपर्यंतचें बहुतेकांस मान्य होईल. "आम्ही तर मुलाच्या हातीं मोबाईल देतच नाहीं", असें म्हणून कांहीं वाचक पान उलटण्याच्याही बेतांत असतील. त्यांस विनंति कीं, थोडें थांबावें. कारण आमचा मुख्य वाद त्यांच्याशींच आहे. मुलाची वाढ जर प्रत्युत्तरावर चालते, तर तें प्रत्युत्तर बंद पाडण्याचे मार्ग दोन आहेत. एक, उत्तर न देणारें यंत्र मुलाच्या हातीं देणें. आणि दुसरा, उत्तर देणाऱ्या माणसाच्या हातीं तें यंत्र देणें. पहिल्या मार्गाची निंदा सर्वत्र चालते. दुसऱ्याविषयीं घरोघर मौन आहे, कारण निंदा करणाऱ्याच्याच हातांत तो असतो.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें १९७० नंतरच्या दशकांत एक साधा प्रयोग केला. तान्ह्या मुलाशीं हंसतखेळत असलेल्या आईनें एकाएकीं आपला चेहरा अगदीं निर्विकार ठेवावयाचा. रागवावयाचें नाहीं, उठून जावयाचें नाहीं, फक्त उत्तर द्यावयाचें नाहीं. मूल प्रथम हंसून पाहतें, हात पुढें करतें, आवाज काढतें. आणि कांहींच फळ येत नाहीं असें पाहून तोंड फिरवितें, कष्टी होतें, रडूं लागतें. या प्रयोगास थोडींच मिनिटें लागत. आमच्या घरांत तो संध्याकाळभर चालतो. आई समोर असते, बाप समोर असतो, पण मुद्रा निर्विकार, दृष्टि खालीं, अंगठा तेवढा हालता! जेनी रडेस्की या बालरोगतज्ज्ञ बाईंनीं २०१४ सालीं बोस्टनच्या उपाहारगृहांत मुलांबरोबर जेवावयास आलेल्या ५५ मोठ्या माणसांचें निरीक्षण प्रसिद्ध केलें, त्यांत ४० जणांनीं जेवतांना मोबाईल वापरला होता. आणि त्यांत पुरतें गढून गेलेलें माणूस मुलाच्या बोलावण्यास उशिरा, आणि कित्येकदां कठोरपणें, उत्तर देई. २०१७ सालच्या एका प्रयोगांत आयांस आपल्या दोन वर्षांच्या मुलांस दोन नवे शब्द शिकवावयास सांगितलें, आणि एक शब्द शिकवीत असतांना मध्येंच त्यांच्या मोबाईलची घंटा वाजविली. जो शब्द अखंड शिकविला तो मुलांस आला. जो मध्यें तुटला तो आला नाहीं. दोन्ही शब्द मुलांच्या कानीं सारख्याच वेळां पडले होते, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. तुटला होता तो शब्द नव्हे, धागा.

परक्यांचीं उदाहरणें पुष्कळ झालीं; आतां घरचें एक सांगतों. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमची अडीच वर्षांची नात भातुकली मांडून बसली होती. बाहुली आजारी होती, तिला औषध पाजावयाचें होतें. इतक्यांत नातीनें जवळच पडलेली एक चपटी लाकडी पट्टी उचलली, ती डोळ्यांसमोर धरली, तिजवर अंगठा वरखालीं फिरविला, आणि मान वर न करितां ती बाहुलीस म्हणाली, "थांब हं, दोन मिनिटं." आम्हांस मोठी मौज वाटली. "तूं कोण झाली आहेस? आई?" असें आम्हीं विचारिलें. ती म्हणाली, "नाही. आजोबा." तो प्रश्न आम्हीं हातांतल्या मोबाईलवरून नजर काढून विचारिला होता, हें सांगावयास नकोच. हा लेख त्या दिवशींच लिहावयास घेतला.

संशोधनाच्या नांवाखालीं वाटेल तें ठोकून देण्याची हल्लीं प्रथा पडली आहे. म्हणून आमच्या बाजूची मर्यादाही सांगून टाकतों. कॅनडांतील कॅल्गरी येथें २,४४१ माता व मुलें यांच्या पाहणींत असें आढळलें कीं, दोन व तीन वर्षांच्या वयांत पडद्यापुढें अधिक वेळ घालविणारीं मुलें पुढें तीन व पांच वर्षांचीं झाल्यावर वाढीच्या चांचणींत मागें पडतात. ही पाहणी २०१९ सालची. ऑस्ट्रेलियांतील २२० कुटुंबांच्या २०२४ सालच्या अभ्यासांत, तीन वर्षांच्या मुलाचा पडद्यापुढील एकेक मिनिट वाढला कीं त्याच्या कानीं पडणारे मोठ्या माणसांचे शब्द सुमारें सहा-सात कमी होतात, त्याचे स्वतःचे उद्गार सुमारें पांच कमी होतात, असें दिसलें. अशा पाहण्यांवरून मोबाईलनेंच मूल मंद झालें असें सिद्ध होत नाहीं. घरची ओढाताण हें दोहोंचेंही कारण असूं शकेल. एखादें मूल उशिरा बोलूं लागलें तर त्याचीं कारणें अनेक असतात. तीं डॉक्टरांनीं पाहावयाचीं, शेजाऱ्यांनीं नव्हे. परंतु ज्या वेळांत बोलणें झालें नाहीं त्या वेळांत तें झालें नाहीं, एवढें तर कोणासही नाकबूल करितां येणार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं एक वर्षाखालील मुलांस पडदा मुळींच दाखवूं नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांस दिवसाकांठीं एक तासाहून अधिक दाखवूं नये, असें सांगितलें. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनेंही दोन वर्षांपर्यंत, नातलगांशीं क्वचित् होणारें दृश्य संभाषण सोडून, पडदा वर्ज्य ठरविला आहे. हा अपवाद आमच्या म्हणण्यास किती अनुकूल आहे, हें वाचकांनीं पाहिलेंच असेल.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला आणि खरा आक्षेप गाडीचा. १८५३ सालच्या एप्रिलच्या १६ तारखेस बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी आली, आणि त्याच लोहमार्गानें पुढें कल्याण-डोंबिवलीस आजचें रूप दिलें. पण ज्या गाडीनें हीं शहरें वाढविलीं तीच रोज सकाळीं मुलांचे आईबाप घेऊन जाते. कल्याण मुंबईपासून सुमारें ५४ किलोमीटर. साडेसातच्या गर्दींत उभ्यानें जावें, रात्रीं आठ-साडेआठला परत यावें, पाळणाघरांतून मूल उचलावें, कुकर लावावा. अशा माणसास "मुलाशीं बोला" असें सांगणें हा निव्वळ वाचाळपणा नव्हे काय? त्यांत सगळा बोल आईलाच लागतो, हा अन्याय निराळा! आम्हांस हें सर्व मान्य आहे. आणि जो बाप आरामखुर्चींत मोबाईल घेऊन पडतो व आंत कुकरपाशीं उभ्या असलेल्या बायकोला मुलाच्या मोबाईलबद्दल बोल लावतो, त्याच्याविषयीं तर न बोललेलेंच बरें. परंतु या आक्षेपाचा नीट विचार केल्यास तो आमच्याच बाजूस येतो. ज्याच्याजवळ दिवसाचे आठ तास आहेत त्यानें दोन गमावले तरी सहा उरतात. ज्याच्याजवळ दोनच आहेत त्यानें ते कसे गमवावे? आम्ही अधिक वेळ मागत नाहीं. आहे तोच अखंड मागतों. कणीक मळतांनाही बोलतां येतें. मोबाईल पाहतांना मात्र येत नाहीं.

दुसरा आक्षेप जेवणाचा. "मोबाईल लावल्याशिवाय बाळ घांस घेतच नाहीं." घेतो, पण खातो काय, हें त्यास कळत नाहीं, पोट भरलें केव्हां हेंही कळत नाहीं. शिवाय एका छोट्याशा ताटांत भात, वरण, तूप, ऊन, गार, फुंकर, सांडलें, संपलें, आणखी, नको, एवढे शब्द वाढलेले असतात! भाषेचा याहून सरस वर्ग कोणत्या शाळेनें काढला आहे? तो बंद करून त्याच वेळीं मुलास परक्या भाषेंतील गाणें ऐकवावयाचें आणि पुढें तो पिवळ्याला "येलो" म्हणतो म्हणून हळहळावयाचें, हा व्यवहार अजब आहे. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं केंद्र सरकारनें अभिजात भाषेचा दर्जा दिला. ठाण्यास २०१० सालीं व डोंबिवलीस २०१७ सालीं साहित्य संमेलनें थाटानें भरलीं. हीं सर्व भूषणें खरीं. परंतु कोणतीही भाषा जिवंत राहते ती दोन वर्षांच्या मुलाच्या प्रश्नास घरांत कोणी उत्तर देतें म्हणून.

तिसरा आक्षेप विनोदी आहे, पण सोडून देण्यासारखा नाहीं. कादंबरी आली तेव्हां ओरड झाली, नाटक-सिनेमा आला तेव्हां झाली, दूरचित्रवाणी आली तेव्हां झाली. जग बुडालें नाहीं. तेव्हां हीही ओरड म्हाताऱ्यांचीच, असें कित्येक म्हणतात. ओरड करणारे सर्वच शहाणे नव्हते, हें खरें. पण कादंबरी वाचणारास भाषा आधींच आलेली असे; सिनेमा आठवड्यांतून एकदां, आणि तोही घराबाहेर. पाळण्यापर्यंत, ताटापर्यंत आणि आईच्या पदरापर्यंत पोंचलेलें, चोवीस तास खिशांत बसणारें, आणि आपली नजर ढळूं नये यासाठींच मुद्दाम रचलेलें असें साधन पूर्वीं कधीं आलें नव्हतें. २०२० च्या मार्चमध्यें शाळा बंद पडल्या तेव्हां तेंच साधन नाइलाजानें शाळा बनलें. तो नाइलाज संपला. संवय मात्र उरली.

याच प्रदेशांत घडलेली दुसरी एक गोष्ट या संदर्भांत आठवते. ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस, आणि पुढें अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी मुलांसाठीं बालशिक्षणाचें काम केलें. तो भाग तेव्हां ठाणें जिल्ह्यांतच होता; पालघर जिल्हा वेगळा झाला तो २०१४ सालीं. माँटेसरी पद्धतीचीं महाग साधनें तेथें परवडणारीं नव्हतीं. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानें, दगड यांचींच साधनें केलीं. मुलें शाळेंत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणांत नेली. गुरें राखावयास जाणाऱ्यांसाठीं कुरणांत नेली. तेथें साधन नव्हतें, पण मुलापुढें बसून त्याचें ऐकणारें माणूस होतें. आमच्या घोडबंदर रस्त्यावरील विसाव्या मजल्यावर साधनांची रेलचेल आहे, आणि माणूस तेवढें गैरहजर आहे. दोहोंपैकीं दरिद्री कोण, हें वाचकांनींच ठरवावें.

मोबाईल खाडींत फेंकून द्या, असें आम्ही सांगत नाहीं. आम्हींही तो फेंकलेला नाहीं. आमचें मागणें अल्प आहे. घरांत पाऊल टाकल्यावर चपला जेथें ठेवतों तेथेंच मोबाईल ठेवावा, आणि मूल झोंपेपर्यंत त्यास तेथेंच राहूं द्यावें. ज्यास कामासाठीं तो घेणें भागच आहे त्यानें मुलास सांगून घ्यावा आणि सांगून ठेवावा. मुलास एवढा मान देण्यास हरकत नसावी. जेवणाच्या वेळीं तो कोणाजवळच नसावा, आजोबांजवळही नाहीं. पहिले चार दिवस मूल रडेल. मोठीं माणसें कदाचित् आठ दिवस रडतील.

आणि पुढल्या खेपेस "आमचा बाळ मोबाईल असा चालवितो" हें वाक्य कानीं आलें, म्हणजे आम्ही मान डोलविणार नाहीं. "ठीक आहे, पण तो तुमच्याशीं काय काय बोलतो, तें सांगा," असें विचारूं. ज्या घरांत या प्रश्नाचें उत्तर देतां देतां चहा निवून जाईल, त्या घरच्या बाळाची चिंता करण्याचें कारण नाहीं.